सायाळीचा काटा

सत्यशीलाबाईंनी साळिंदराचा काटा गंगाजलाने पुसून ताम्हनात, उंबराच्या डहाळीशेजारी ठेवला. मागे कुणीतरी थबकलं.

“हा तं सायाळीचा काटा!” विहीणबाई मुक्ताई म्हणाल्या. लेकीसाठी भंडाऱ्याहून निघून त्या सकाळीच येरवड्याला उतरल्या होत्या. “आमच्याकडे वैऱ्याच्या दारात टाकतात हा. घरात भांडण लागते.”

“आमच्याकडे गरोदर सुनेचा भांग पाडतात याने. सीमंत म्हणतात.”

“मागच्या खेपेलाही पाडला होता न?”

सत्यशीलाबाईंची नजर समईवर गेली. मागच्या खेपेचं बाळ राहिलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी साखर सोडली होती. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“त्यात काट्याचा काय दोष?”

“दोष नाही म्हणत जी. पण माझ्या पोरीच्या डोक्याले तो लावू नका.”

“मग प्लॅस्टिकचा कंगवा चालेल का आपल्याला? गुरुजींना विचारते, मंत्र आहे का त्याचा.”

“पाहा! लागलं न भांडण?”

“आई.”

पाटावर बसलेल्या कल्याणीने हाक मारली, आणि दोघींनी वळून पाहिलं.

“सायाळीचं पिल्लू काट्यांसकटच होतं का गं? तिला टोचत असेल ना?”



“नाही वं बाई,” मुक्ताई हळूच म्हणाल्या. “होतानी मऊ असतात काटे. बाहेरची हवा लागली का मंग कडक होतात.”

“म्हणजे दोघं सुखरूप राहतात?”

“राहतात की.”

कल्याणीने मान हलवली. पदराचं टोक मात्र ती बोटाला गुंडाळतच राहिली. बोट पांढरं पडलं होतं.

सत्यशीलाबाईंनी काटा उचलला. थोडा वेळ हातात धरला, मग देव्हाऱ्यात देवांच्या मागे ठेवून दिला. सुनेच्या पाठीशी बसून त्यांनी तिचे केस मोकळे केले आणि आपल्याच बोटाने कपाळापासून हळूहळू भांग पाडायला सुरुवात केली.

“भीती वाटते?”

“हो.”

“मलाही.”

एवढं म्हणताना त्यांचं बोट मध्येच थांबलं. मुक्ताईंनी पुढे होऊन उरलेले केस सावरून धरले.

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, “आई, काटा मिळाला का? मुहूर्त टळतोय.”

“भांग पाडून राह्यलो आम्ही, गुरुजी,” मुक्ताई म्हणाल्या. “तुम्ही मंत्र सुरू करा.”