डावा पाटा

"हा चौथा!" हबीबभाई ट्रकखालूनच ओरडले. "आणि हापण डावीकडचाच, बरं का ताई."

खडखडत एक पोलादी तुकडा बाहेर सरकला. दीपमालाताई कंपनीच्या अंबडच्या शेडमध्ये उकिडव्या बसल्या, पदर खोचला आणि तुकडा दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतला. ट्रकच्या मागच्या चाकांवर बाक देऊन बसवतात तो हा पाटा. गाडीचं सगळं ओझं आणि रस्त्याचे सगळे धक्के यानेच सोसायचे. मधोमध तुटला होता. ताईंनी तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. अर्धी जागा गुळगुळीत, अर्धी खरबरीत.

"एका खड्ड्यानं नाही तुटला हा," त्या म्हणाल्या. "रोज थोडा थोडा चिरत गेलाय. गुळगुळीत ती जुनी चीर, खरबरीत ती शेवटच्या दिवसाची."

"म्हणजे रोज कोणीतरी छळतंय बिचाऱ्याला," हबीबभाई हात पुसत बाहेर आले. पंचवीस वर्षांच्या मेकॅनिकीत त्यांना गाड्यांबद्दल माणसांसारखं बोलायची सवय लागली होती. "पण कोण?"

आता दीपमाला खैरनार म्हणजे काही मोठी असामी नव्हे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, बाविसाव्या वर्षी ट्रकचे पाटे बनवणाऱ्या या कंपनीत चिकटल्या आणि पुढची चोवीस वर्षं साहेब लोकांनी ठरवलेल्या पाट्यांची चित्रं काढत राहिल्या, आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. इंदिरानगरात फ्लॅट, नवरा पोस्टात, मुलगी बारावीला. बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी, बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूत नाक खुपसणं. लिफ्ट अडकली की लोक लिफ्टवाल्याला फोन करायच्या आधी ताईंना थोपवायला कोणाला तरी जिन्यात उभं करत. नवरा त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणायचा. पोस्टातल्या खिडकीला निदान जेवणाची सुट्टी असते, हिला तीही नाही, असंही म्हणायचा.

तर या बाईंना दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच स्वतःचं गणित मांडायची संधी मिळाली. कंपनीच्या जुन्या संचात नऊ पाटे असत, एकावर एक रचलेले, एकमेकांना घासणारे. ताईंनी तीनच पाट्यांचा संच आखला, पाटे मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते. तऱ्हा जगात नवी नव्हती, पण आपल्या ओझ्याला आणि आपल्या रस्त्यांना बसेल असं माप त्यांनी सहा महिने बसून काढलं होतं. दर ट्रकमागे चांगलं दीडशे किलो पोलाद वाचत होतं. चाचण्या पार पडल्या. बारा गाड्यांना संच बसले, त्यातल्या सहा सिमेंट वाहणाऱ्या आणि सहा लासलगावहून कांदा नेणाऱ्या. त्या दिवशी ताईंनी ऑफिसात पेढे वाटले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला बोला!

आणि आता चार महिन्यांत चार पाटे तुटले, चारही कांद्याच्या गाड्यांचे.

"ताई, सोमवारी मालकांपुढे रिपोर्ट ठेवायचाय," डिझाइन विभागाचा प्रमुख स्वराज म्हणाला. ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, इंजिनीअर, पण पोरगा भला. "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर डिझाइन कच्चं आहे, नाहीतर ड्रायव्हर गाडीत जास्त माल कोंबतोय. चारपैकी तीन वेळा गाडीवर तो केरू होता. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, तुम्ही लिहून द्या, उद्याच काढतो त्याला."

"वजनकाट्याच्या पावत्या मी बघितल्यात सर. एकदाही किलोभर जास्त नाही."

"मग तुमचं डिझाइन."

"मग सिमेंटच्या गाड्यांचे का नाही तुटत? आणि डावाच का?"

"रस्ता डावीकडे उतरता असतो. साइडपट्टीचे खड्डेही डावीकडेच."

"आणि सिमेंटवाले काय उजवीकडून चालवतात?"

स्वराजला हसू आलं. "सोमवार, ताई," एवढंच म्हणून तो गेला.

ताईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. डिझाइन चुकलं असेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. लोखंड खोटं बोलत नाही. रोज कोणीतरी त्या डाव्या पाट्याला छळत होतं आणि ते कोण हे कळल्याशिवाय या बाईला झोप लागणार नव्हती.

शनिवारी सकाळी त्या एसटीनं लासलगावला उतरल्या. केरू गाडीशी वाट बघत उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत, गळ्यात मफलर. ताईंना बघून त्यानं नमस्कार केला, पण चेहरा आंबट.

"मला काढनार हाय म्हनं," तो म्हणाला. "तुमी त्याचा पुरावा न्यायला आलात का?"

"मी पाटा का तुटतो ते बघायला आलेय, केरूभाऊ. तुमचा फॉर्म रोज कुठून सुरू होतो?"

ताईंच्या कंपनीनं ड्रायव्हरांना एक फॉर्म दिला होता. किती वजन, कुठला रस्ता, किती वेग, कुठं खड्डे. केरूनं तो कधी चुकवला नव्हता.

"काट्यापासून. गाडी भरली, काट्यावर वजन झालं, की फॉर्म चालू. तुमच्याच सायबानं सांगितलंय तसं."

"आणि काट्याच्या आधी?"

"आदी काय? आदी माल भरायचा. त्यात काय बघायचं?"

"तेच बघते आज," ताई म्हणाल्या आणि केबिनमध्ये चढून बसल्या.

गाडी पहिल्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली. कांद्याचे डोंगर पसरलेले, बाया प्रतवारी करत बसलेल्या, हमाल गोण्या शिवत होते. केरूनं गाडी डाव्या अंगानं ओट्याला लावली. हमालांनी पटापट गोण्या टाकायला सुरुवात केली आणि ताई बघतच राहिल्या. गोण्या फक्त डाव्या निम्म्यात चढत होत्या. पुढपासून मागपर्यंत, थेट वरपर्यंत, एखादी भिंत रचावी तशी. उजवा निम्मा भाग साफ रिकामा. शंभर गोण्या झाल्या, गाडी डावीकडे कलली, हमाल थांबले.

"अहो, निम्मीच भरलीत!" ताई ओरडल्या.

"ह्या शेठचा माल संपला," केरू शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या शेठचा त्याच्या खळ्यावर. चार किलोमीटर. तिथं उजवी बाजू भरायची."

"रोज असंच?"

"कांद्याच्या समद्या गाड्या अशाच. फकस्त हा लांबचा कच्चा रस्ता माझ्याच वाट्याला. दोघांत एक गाडी असली की उभा भाग पाडायचा."

"पण मग पुढं एकाचा आणि मागं दुसऱ्याचा का नाही ठेवत?"

यावर केरूच काय, आजूबाजूचे हमालही हसले.

"आवो ताई, बाजारात मागचा माल आदी उतरतो. मंग सकाळचा भाव मागच्या शेठला, आन पुढच्याच्या वाट्याला उरलासुरला. लय मारामाऱ्या झाल्या त्यापायी. उभा भाग पाडला तवा कुठं भांडान मिटलं. दोघांच्या गोण्या एका टायमाला उतरत्यात. कोनी कोनाला बोलायचं काम नाय."

"खुणा करून मिसळून भरल्या तर?"

"मंग कोनाच्या गोणीतला सडका कोनाच्या गोणीला लागला त्यावरनं भांडान!"

 मनातल्या मनात ताईंना त्या भांडखोर व्यापाऱ्यांचं कौतुकच वाटलं. पुढचा, मागचा, वरचा, खालचा, सगळ्या तऱ्हा करून बघितल्या होत्या या लोकांनी आणि जी टिकली ती ठेवली होती. याला डिझाइन नाही तर काय म्हणायचं?

"आता पूर्ण भरलेल्या गाडीनं नाही तुटत, मग निम्म्या भरलेल्या गाडीनं कसा तुटेल?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

शेजारी कांदा निवडणारी म्हातारी मालनबाई मान वर न करता म्हणाली, "बाई, दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन चाल, आन मंग एकाच हातात एक घेऊन चाल. कंबर कशानं मोडती ते कळंल तुला."

ताईंनी पर्समधून मोजपट्टी काढली आणि साडीची पर्वा न करता सरळ गाडीखाली शिरल्या. डावीकडे चौकट आणि पाटा यांच्यात जेमतेम तीन बोटं जागा उरली होती. उजवीकडे दीड वीत. रिकाम्या गाडीपेक्षाही जास्त! म्हणजे गाडी तराजूसारखी डाव्या पाट्यावर कलंडत होती, उजवा पाटा ओझं उचलायचं सोडून वर उचलला जात होता आणि दोघांचं ओझं एकटा डावा वाहत होता.

मग ती कलती गाडी चार किलोमीटर कच्च्या रस्त्यानं डुलत निघाली. केरू सवयीनं उजवीकडे रेलून बसला होता. प्रत्येक खड्ड्याला ताई घसरून दारावर आदळत होत्या आणि पायाखालून डावा पाटा कण्हल्यासारखा आवाज करत होता. दुसऱ्या खळ्यावर उजवी बाजू भरली, गाडी सरळ झाली. ताई पुन्हा खाली शिरल्या. डावीकडे आता पाच बोटं जागा होती. माल दुप्पट झाला आणि डाव्या पाट्याचा भार कमी झाला!

त्या खालून बाहेर आल्या तेव्हा केसांत माती, गालाला ग्रीस आणि चेहरा असा फुललेला की केरूही हसला. "गावलं वाटतं काय?"

"सापडलं, केरूभाऊ. तुमची काही चूक नाही."

बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. केरूची चूक नव्हती, मग कोणाची होती ते त्यांना तेवढ्यातच कळलं होतं.

सोमवारी स्वराजनं सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "कमाल केलीत ताई! म्हणजे चूक लोडिंगची. माहितीपुस्तकात एक ओळ टाकू, माल दोन्ही बाजूंना समतोल भरावा. ड्रायव्हर वाचला, डिझाइनही वाचलं."

"ते ती ओळ वाचणार नाहीत, सर. वाचली तरी पाळणार नाहीत. किती वर्षांची मारामारी त्यांनी उभा भाग पाडून मिटवलीय."

"तो त्यांचा प्रश्न."

"गाडी केरू चालवतो. उद्या वळणावर पाटा तुटला आणि गाडी डावीकडे पडली, तर ती ओळ कोणाला दाखवायची? त्याच्या बायकोला?" ताई म्हणाल्या. "मी दोन्ही बाजूंना सारखं ओझं धरलं. आणि तेही काट्यापासून पुढचं. पाट्याचं काम तर पहिली गोणी पडल्यापासून सुरू होतं. हे मी विचारायला हवं होतं. जगभरच्या चौकश्या करते मी, आणि नेमकी हीच केली नाही."

स्वराजनं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही 'डिझाइन अपुरं' असं लिहिलंत, तर मालक काम पुण्याच्या सल्लागारांकडे देतील. तुम्हाला परत संधी मिळेल असं नाही वाटत मला."

"मलाही नाही वाटत."

जेवणाच्या सुट्टीत त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या. चांगलं पोटभर रडल्या. चोवीस वर्षांत एकदा मिळालेली गोष्ट स्वतःच्या हातानं परत द्यायची होती, वाईट वाटणारच. मग तोंड धुतलं, जागेवर बसल्या आणि रिपोर्ट लिहिला. ड्रायव्हर निर्दोष. भरण्याची पद्धत बदलणार नाही असं धरावं. डिझाइन अपुरं. खाली सही.

स्वराज म्हणाला होता तसंच झालं. कांद्याच्या गाड्यांना पुन्हा नऊ पाट्यांचे संच बसले. केरूची नोकरी राहिली. त्यानं एकदा अंबडला येऊन ताईंच्या टेबलावर कांद्याची अर्धी गोणी आणून टाकली आणि काही न बोलता गेला. नवं काम पुण्याला गेलं. ताई पुन्हा दुसऱ्यांच्या पाट्यांची चित्रं काढायला लागल्या.

तीन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. मेहविश नावाची कोणी तरुण इंजिनीअर होती, आवाजावरून फार तर पंचवीसची.

"मॅडम, तुमच्याकडून आलेल्या ओझ्याच्या तक्त्यात टायपिंगची चूक दिसतेय. एका ठिकाणी डावीकडे पाच टन आणि उजवीकडे शून्य पडलंय. मी दोन्हीकडे अडीच-अडीच करून घेऊ?"

"नको, नको! ते शून्यच आहे. तसंच ठेवा."

"पण असं कोण भरतं?"

"सांगते. सावकाश सांगावं लागेल."

"हो, सांगा ना. आणि मॅडम, एक विचारू? आधीचं तीन पाट्यांचं डिझाइन कोणाचं होतं? मी दोन दिवस तेच वाचतेय. इतकं देखणं गणित केलंय! फक्त हे एक ओझं सुटलंय त्यात."

ताईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. शेडमध्ये हबीबभाई कोणत्यातरी गाडीवर हातोडा मारत होते, तो आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"माझं," त्या म्हणाल्या.

"सॉरी मॅडम, मी... मला माहीत नव्हतं..."

"अगं, घाबरतेस काय? वही घे हातात," ताई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "हं, लिही. आधी दोन व्यापारी घे, एकमेकांवर जराही विश्वास नसलेले..."