तांबडा फोटो

नवघरच्या त्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत पंढरीनाथांचा रोजचा खेळ ठरलेला होता. सकाळी बाहेर पडायचं, मोबाइलला चिमट्याचं छोटं भिंग लावायचं, कशाचा तरी अगदी जवळून फोटो काढायचा आणि वर येऊन बायकोपुढे धरायचा. "ओळख."

अनसूयाबाई जूनच्या सुरुवातीला जिन्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, दिवाळीला डॉक्टर म्हणाले, आता खुशाल जिना उतरा. पण हाड जुळलं म्हणून धीर थोडाच येतो? पहिली पायरी दिसली की त्यांना घाम फुटायचा.

ते भिंग मुलीनं, क्षितिजानं दिलेलं, बाबांचा वेळ जावा म्हणून. टपाल खात्यात जन्म काढलेल्या माणसाला साठी उलटल्यावर असं वेड लागेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खाडीकाठच्या तिवरांच्या पानांवर साचलेलं मीठ, गेटच्या गंजलेल्या बिजागऱ्या, काही सुटेना. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन ते कोळ्याच्या जाळ्यावर थेंब शिंपडत, पानामागे टॉर्च धरत. केबिन रोडवर भाजीच्या ढिगावर ते इतका वेळ ओणवे राहत की भाजीवाला म्हणे, "अंकल, सब्जी लेनी है या फोटो निकालना है?" फोटो जरा हलला तर तिथल्या तिथे पुसून टाकत.

अनसूयाबाई मात्र एकदाही चुकल्या नव्हत्या. चष्मा वर सारून नुसतं बघायच्या. "दोडक्याची शीर. जून आहे, घेऊ नका."

रविवारी क्षितिजा सिल्व्हर पार्कहून आली. स्वयंपाकघरात चहा गाळताना हळूच म्हणाली, "बाबा, राग मानू नका. आई खाली जात नाहीये ना, ते तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"सगळी दुनिया तुम्ही तिला पलंगावर आणून देताय. मग ती उतरेल कशाला?"

पंढरीनाथांना ते फार लागलं. आपण इतक्या मायेनं करतोय आणि पोरगी म्हणते काय! पण खोटं आहे असंही म्हणता येईना. दोन दिवस त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ते पंपाच्या खोलीजवळ गेले. तिथे एक फुटकी बादली होती. मेमध्ये गावाहून आणलेल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, तीन बिया अनसूयाबाईंनी तिच्यात खोचल्या होत्या, आणि त्यांना पाणी घालायला उतरतानाच बाई पडल्या होत्या. तेव्हापासून त्या बादलीचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं. आज पंढरीनाथांनी वाकून बघितलं तर आत वीतभर रोप. शेंड्याला दोन कोवळी पानं, तांबडीलाल. ते गुडघ्यांवर बसले, श्वास धरला, पानामागून ऊन येऊ दिलं आणि फोटो काढला.

"ओळख," वर येऊन ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिल्या. "कोंबड्याचा तुरा."

"नाही."

"मग साडीचा काठ असेल कुणाच्या."

"नाही. खाली आहे आपल्या. येऊन बघ."

त्यांनी मोबाइल परत दिला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशीही तोच फोटो. "डाळिंबाचं साल." तिसऱ्या दिवशी, "काय की." पंढरीनाथ तो फोटो स्वतःच पुन्हा निरखू लागले. रत्नागिरीची बाई, परसात रातांब्याखाली खेळून मोठी झालेली, तिला त्याची पालवी ओळखू येत नाही? पडल्यावर डोक्यालाही मार लागला होता की काय? आता सांगून टाकावं आणि दोडकी-कारली पुन्हा सुरू करावीत, असं त्यांना शंभरदा वाटलं. जिभेवर आलेलं नाव त्यांनी गिळलं.

शनिवारी सकाळी अनसूयाबाईंनी केस विंचरले, चांगलं पातळ नेसलं आणि काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "प्लास्टिकचं स्टूल घ्या बरोबर. मधे बसावं लागेल मला."

मग दर मजल्याला पंढरीनाथ स्टूल घेऊन पुढे उतरत, बाई एकेक पायरी मोजत येत, बसत, घाम पुसत. जिथे पडल्या होत्या त्या पायरीशी थांबल्या. त्यांनी हात पुढे केला, पंढरीनाथांनी तो घट्ट धरला. तळाशी पोचायला पाऊण तास लागला.

पंपाच्या खोलीकडे कुठे वळायचं, हे पंढरीनाथ सांगणार, तोवर बाई वळल्यासुद्धा. बादलीशी स्टुलावर टेकल्या, आत वाकल्या.

"तीन लावल्या होत्या. एकच आली?"

पंढरीनाथ बघतच राहिले. "तू ओळखलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी. रातांबा मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? इथे माझा जीव टांगणीला लागलेला."

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो आणला असतात." त्यांनी तांबड्या पानाला बोट लावलं. "मी वरच राहिले असते. मला चार दिवस हवे होते, धीर गोळा करायला."

पंढरीनाथांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी मोबाइल काढला, भिंग लावलं आणि ते बोट आणि ते पान जवळून टिपलं.

अनसूयाबाईंनी फोटो बघितला. "हललाय."

"असू दे," पंढरीनाथ म्हणाले आणि मोबाइल खिशात ठेवला.