ऐकू येईल असा टॅब्लेट

ठोकेकाकांनी जन्मभर पत्रा ठोकला आणि जन्मभर मान हलवली. पत्र्याने त्यांना पोटाला दिलं, गल्लीत नाव दिलं. मान हलवण्याने मात्र शेवटी त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

पत्र्याच्या कारखान्यात चार जण चार बाजूंनी हातोडे चालवत असतात, तेव्हा कोण काय बोलतंय ते ब्रह्मदेवालाही ऐकू जात नाही. तिथली रीत अशी की समोरच्याचे ओठ हलले की आधी होकाराची मान हलवायची आणि मग त्याच्या हातात काय आहे ते बघायचं. हातात कात्री असेल तर कापायचंय, रिव्हेट असेल तर जोडायचंय. चाळीस वर्षांत काकांची या हिशोबात चूक झाली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा नुकसान झालं ते बादलीचं.

सोमवारी मात्र डॉक्टरबाईंच्या हातात काहीच नव्हतं.

काकूंच्या घशात गाठ होती. गुरुवारी ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. त्यानंतर श्वास मानेवरच्या भोकातून घ्यायचा आणि बोलणं बंद. पुढे सवयीने, शिकून काही आवाज काढता आला तर आला. तोवर टॅब्लेटवर लिहायचं आणि टॅब्लेटने ते बोलून दाखवायचं. हे सगळं काकूंनीच काकांना दोनदा नीट समजावून सांगितलं होतं. सोमवारच्या तपासणीत मात्र काकूंचा घसा औषधाने बधिर केलेला होता. त्या गप्प बसून होत्या, आणि डॉक्टरबाई तोंडाला मास्क लावून काकांशी बोलत होत्या.

काकांनी चार वेळा मान हलवली. पहिल्या तीन वेळा डॉक्टरबाई पुढे बोलत राहिल्या. चौथ्या वेळी त्या थांबल्या. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी खाली बघितलं.

तेव्हापासून तो चौथा प्रश्न काकांच्या डोक्यातून गेलाच नव्हता. काय विचारलं असेल? आपण कशाला हो म्हणून बसलो? ‘ती यातून वाचणार नाही, याची तयारी आहे ना?’ असं तर नसेल? जेवताना, अंघोळ करताना, कुलूप लावताना ते चौथ्या प्रश्नाच्या जागी एकेक वाक्य बसवून बघत, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट निघे. काकूंना विचारावं, तर आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करावं लागणार. आणि ते तर त्यांनी दहा वर्षं झाकून ठेवलं होतं.

म्हणजे झाकून ठेवलं आहे अशी त्यांची समजूत होती. माणूस स्वतःच्या हुशारीवर किती खूश असतो बघा. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा गेली, मग लहान मुलांचं बोलणं गेलं, आणि काका म्हणायचे, हल्लीची मुलं पुटपुटतात. काकांच्या पत्र्याच्या दुकानात काकू गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते मोठ्याने परत म्हणत. “काय म्हणता, तीन फुटी पन्हळ? आणि तीही शनिवारपर्यंत?” आत बसल्या बसल्या काकांना सगळं कळे. बायकोला पोपटासारखी सवय आहे, असं ते मित्रांना हसून सांगत. काकूंचा आवाजही असा भरदार की फोनवरची माणसं त्यांना ‘साहेब’ म्हणत. तो एक आवाज काकांना अजून स्वच्छ ऐकू यायचा. आणि तोच गुरुवारी जाणार होता.

मंगळवारी दोघं टॅब्लेट घ्यायला निघाले. “तुम्ही निवडा,” काकू घरातून निघताना म्हणाल्या होत्या. आवाज आता कानशीने घासल्यासारखा झाला होता. “बोलणार मी, पण ऐकायचं तुम्हाला आहे.”

काकांनी मान हलवली.

दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींना काचेची कपाटं होती आणि मधल्या काउंटरवर टॅब्लेट तारेने बांधून ठेवले होते. जाड चष्म्याची एक मुलगी पुढे आली. तिने ना किंमत विचारली ना कंपनी. तिने विचारलं, “कशासाठी हवाय, काकू?”

“कशासाठी हवाय म्हणता?” काकूंनी परत म्हटलं, आणि पर्समधून हॉस्पिटलची चिठ्ठी काढून दिली.

मुलीने चिठ्ठी वाचली. वाचून झाल्यावर चष्मा वर सरकवला, आणि जरा जास्तच कामाला लागल्यासारखी तीन टॅब्लेट घेऊन आली. लहान हलका, पण अक्षरं बारीक. मोठ्याचा पडदा ऐसपैस, पण वजन हाताला जाणवणारं. मधला दोन्हींच्या मधला, पण त्याचा स्पीकर एकाच बाजूला.

“म्हणजे झोपून धरला तर हा हाताला जड जाईल?” काकू म्हणाल्या. “आणि याचा स्पीकर उशीत दबला तर आवाज कोंडेल? कॅमेरा कसाही चालेल म्हणता, बॅटरी मात्र दिवसभर पुरायला हवी?”

एकेका वाक्याला काकूंच्या मानेवरची शीर वर येत होती. मध्येच त्यांनी डोळे मिटून आवंढा गिळला. डॉक्टरबाईंनी शब्द मोजून वापरायला सांगितले होते, आणि ही बाई पोपटपंची करत सुटली होती. काका चिडले. मुलगी तर तोंडासमोर उभी आहे, हिला तर टाचणी पडलेली ऐकू येते. मग सगळं परत कशाला म्हणायचं? कोणासाठी?

आणि तिथंच, काउंटरला टेकून उभे असताना, काकांना उत्तर मिळालं.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. परत म्हणायचं ते त्यांच्यासाठीच. आजचंच नाही, दहा वर्षं. गिऱ्हाइकांच्या पन्हळी, बादल्या, धुरांडी, सगळं तिने आपल्यासाठी घसा ताणून परत म्हटलं. त्यांच्या मनात जे आलं ते इतकं भयंकर होतं की त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली. आपल्यासाठी ओरडून ओरडून हिचा घसा गेला.

मुलीने मधल्या टॅब्लेटवर काहीतरी सुरू केलं. काकूंनी एका बोटाने अक्षरं दाबली आणि शेवटी हिरवं बटण दाबलं. दोघी काकांकडे बघू लागल्या.

काकांनी मान हलवली.

सवयच ती. हाडीमाशी खिळलेली. मुलगी हसली आणि खोकं आणायला कपाटाकडे वळली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी टॅब्लेट हळूच खाली ठेवला आणि काकांकडे बघत राहिल्या.

टॅब्लेट खरंच बोलला होता का? काकांच्या कानाला डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी लागत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं घर उभं राहिलं. आतल्या खोलीत काकू पलंगावर. मानेवरच्या भोकात कफ अडकलेला, श्वास लागत नाही, बोट हिरव्या बटणावर. टॅब्लेट बोलतोय, परत बोलतोय. आणि बाहेरच्या खोलीत आपण खुर्चीवर बसून खिडकीतून रस्ता बघतोय, मजेत, पाय हलवत.

“थांबा!” ते ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. मुलीच्या हातातलं खोकं पडता पडता राहिलं. “मला ऐकू आलं नाही. हा बोलला ते मला ऐकूच आलं नाही. मला पुष्कळ दिवसांपासून ऐकू येत नाही.”

कोणी काही बोललं नाही. किंवा बोललं असेल.

मग काकू पुढे आल्या आणि काकांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, “दहा वर्षं. माहीत आहे मला.”

“अगं, मग माझ्यामुळेच तुझा घसा...”

“काहीतरीच!” काकूंना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी काकांची बाही धरून ठेवली. “असा ओरडून जात नाही घसा. मी विचारलंय डॉक्टरांना. आता गप्प उभे राहा आणि नीट निवडा.”

मुलगी शहाणी होती. तिने काकांना दुकानाच्या टोकाला नेलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं : ऐकू आलं तरच हात वर करा. मान हलवायची नाही.

समोर भिंतीवर मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. काका त्यांच्याकडे बघत उभे राहिले. लाल, निळं, काळं, फुलाफुलांचं. मागे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. खांद्यावर टकटक झाली, तेव्हा कळलं की पहिला बोलून झाला. पुन्हा उभे राहिले. पुन्हा टकटक. दुसराही झाला. तिसऱ्या, मोठ्या टॅब्लेटच्या वेळी डब्यात माशी अडकावी तसं काहीतरी गुणगुणलं. त्यांनी हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. शब्द नव्हता तो.

आता मात्र त्यांचा धीर सुटला. तीन संपले. आणि असा एकही टॅब्लेट नसेल तर? मग परवापासून घरात ती असेल आणि नसेलही. हाक मारेल आणि आपल्यापर्यंत पोचणारच नाही. त्यांना वळून बघायचीही भीती वाटू लागली.

मुलीने कानाजवळ येऊन मोठ्याने विचारलं, “काका! काकूंचं बोलणं कसं काय ऐकू येतं तुम्हाला?”

“तिचं येतं. तिचा आवाज जाड आहे. होता. फोनवर लोक साहेब म्हणायचे.”

मुलगी जागच्या जागी थबकली. मग जवळजवळ पळतच काउंटरकडे गेली. चष्मा नाकावर, बोट पडद्यावर, ओठ हलतायत. टॅब्लेट इतका वेळ कोवळ्या मुलीच्या आवाजात बोलत होता. पातळ, वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे काकांच्या कानांनी पहिल्यांदा सोडून दिलेला. तिने यादीतले आवाज एकामागून एक लावून बघितले आणि शेवटचा निवडला. तो पुरुषाचा होता. मग त्याची पट्टी आणखी खाली ओढली, आणि दोन्ही बाजूंना स्पीकर असलेला मोठा टॅब्लेट काकूंच्या पुढ्यात ठेवला. वजनाचं काय ते स्टँडवर भागवू, असं तिने खुणेनं सांगितलं.

काका पुन्हा कव्हरांकडे तोंड करून उभे राहिले. लाल, निळं, काळं.

“अहो!”

त्यांचा हात आपोआप वर गेला. कोण्या दांडग्या पहिलवानाने त्यांना ‘अहो’ म्हटलं होतं. ते गर्रकन वळले. पहिलवान कुठेच नव्हता. काउंटरशी काकू उभ्या होत्या, आणि खांदे गदगदा हलवत आवाज न करता हसत होत्या.

“आलं!” काका म्हणाले. “ऐकू आलं! पण अगं, हा तर पुरुष...”

काकूंनी बोटाने ‘फिरा, पाठ करा’ अशी खूण केली. त्यांना आणखी बघायचं होतं. एका शब्दावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती ती.

काका वळले. या वेळी बराच वेळ काही आलं नाही. त्यांनी कव्हरं मोजली. बावीस. परत मोजली. बोलून झाला असेल का? निसटलं असेल का? मग मागून तो जाडा, खालचा आवाज आला, सावकाश, शब्द सुटा सुटा.

“काल डॉक्टरबाईंचा चौथा प्रश्न तुम्हाला ऐकू आला नव्हता. त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती वाटते का. तुम्ही लगेच मान हलवलीत. आता ऐकून सांगा.”

काकांनी कव्हरांवर हात टेकला. दोन-तीन कव्हरं खाली पडली. चौथा प्रश्न एवढाच होता. दीड दिवस त्यांनी त्या जागी काय काय बसवून बघितलं होतं, आणि हे सोडून सगळं बसवलं होतं.

ते वळले. मुलगी खाली वाकून स्टँड शोधत होती, किंवा शोधायचं सोंग करत होती. सवयीने काकांनी आधी काकूंच्या हाताकडे बघितलं. हातात टॅब्लेट होता. मग त्यांनी वर, चेहऱ्याकडे बघितलं.

“वाटते,” ते म्हणाले. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. “खूप वाटते.”

काकूंनी लिहायला बोट उचललं. मग टॅब्लेट काउंटरवर ठेवून दिला, काकांच्या अगदी जवळ आल्या, आणि उरलेल्या आवाजातला एक शब्द त्यांनी यासाठी खर्च केला.

“मलाही.”