काळूरामची पाठ

काळूरामचं भामाशी लग्न झालं ते साल बावन्न. त्याच वैशाखात, हळदीच्या आठवडाभर आधी, त्याचा थोरला भाऊ दयाराम आपट्याला जाऊन पाताळगंगेत बाप्तिस्मा घेऊन आला. त्यांच्या ओवे गावात तोवर लग्नाची चर्चा होती, मग दयारामचीच झाली. हळदीला पाहुण्यांना दारू वाढायची ती थोरल्या भावाने, आणि पहिला घोट घ्यायचा तोही त्यानेच, अशी रीत. दयाराम पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

"दयाराम्या, देवानं तुजी तहान पन नेली काय रं?" एका म्हाताऱ्याने विचारलं. मांडव हसला, दयारामही हसला.

दारू सोडली ते गावाने पचवलं. काठी सोडली ते पचेना. भरीव वेळूची काठी होती ती, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. त्या काठीने दयारामने खाडीपलीकडच्या हिराजीच्या भावाचा जबडा असा फोडला होता, की तो गडी अजून पेजेवरच जगत होता. पनवेलच्या प्रार्थनाघरातले दिनानाथ मास्तर म्हणाले होते, प्रभूच्या मागे जायचं तर माणसाने आधी स्वतःला नाही म्हणायला शिकावं. दयारामने घरी येऊन काठीचे तुकडे केले आणि चुलीत घातले. त्याच्या बायकोने, रंभाने, त्यावर भात शिजवला. धूर फार झाला, एवढंच ती म्हणाली.

काळूरामला मात्र ते सगळ्यात जास्त लागलं. दोघा भावांची भांडणाची एकच पद्धत होती, बापाने शिकवलेली: पाठीला पाठ लावून उभं राहायचं. आपल्या पुढ्यातलं आपण बघायचं, मागचं भावाने. काळूरामने उभ्या जन्मात मारामारीत मागे वळून पाहिलं नव्हतं. वळून बघायची त्याला सवयच नव्हती.

सर्वपित्री अमावास्येला भरदुपारी मोठं उधाण आलं. खाडी बांधाला टेकली होती आणि आत शेतात भात दुधावर आलं होतं. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर सोडायचं आणि भरतीला दार गच्च लावायचं. भरतीला ते उचललं तर पाण्याबरोबर मासळी आत शिरते आणि जाळं भरतं, पण खाऱ्या पाण्याने भात मरतं. हिराजी चार माणसं आणि जाळं घेऊन उघाडीवर आला आणि त्याने दार उचललं. दाराला लागून शेत काळूरामचं.

काळूराम काठी घेऊन धावला. ओरडा ऐकून दयाराम निघाला, तर रंभा दारात आडवी उभी राहिली.

"रिकाम्या हातानं जाऊ नका. जायाचं तर कोयता घ्या. नायतर घरात बसा."

दयारामने दोन्ही केलं नाही. हात उचलायचा नाही, पण भावाची पाठ उघडी टाकायची नाही. जे घाव येतील ते आपल्या अंगावर घ्यायचे, असं त्याने ठरवलं. त्याला ते बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर गोडही वाटलं.

तो पोचला तेव्हा काळूराम एकेक पाऊल मागे सरत गावाकडे येत होता. पाच जणांपुढे एकट्याचा टिकाव नाही हे त्यालाही कळत होतं. आणखी थोडं मागे आला असता तर पळून सुटला असता. तेवढ्यात त्याच्या पाठीला पाठ लागली.

"आलास, दादा?" त्याने न वळता विचारलं.

"आलो," दयाराम म्हणाला. हात रिकामे आहेत हे सांगायचं राहिलं.

दादा हत्यार घेऊनच आला असणार असं धरून काळूरामला चेव आला. मागे सरायचं सोडून तो पुढे घुसला, एकाचं टाळकं फोडलं, दुसऱ्याचा गुडघा मोडला. उरलेले दोघे वळसा घालून मागून दयारामवर आले, त्यांच्यामागे हिराजी. पहिला दांडका त्याने हातावर घेतला, तर मनगटाच्या वर हाड बाहेर आलं. दुसरा कानशिलावर बसला. तो उभा राहिला. तिसऱ्याला गुडघ्यावर कोसळला आणि भावाची पाठ मोकळी पडली. हिराजीचा कोयता तिथेच शिरला, खांद्यापासून बरगड्यांपर्यंत.

काळूराम बांधाला टेकला आणि पहिल्यांदा त्याने मान मागे वळवली. त्याने भावाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं.

रक्ताचा पाट बघून हिराजीची माणसं जखमींना ओढत पळाली. हिराजीचा कोयता हाडात अडकला होता. तो ओढून काढत असताना दयारामने त्याच्यावर झेप घेतली. दोघे बांधावरून घरंगळत चिखलात पडले. दयारामने धड हाताने त्याची मान धरली, पाठीवर गुडघा रोवला आणि तोंड चिखलात दाबलं. हिराजीचे पाय आपटायला लागले. मग हळू आपटायला लागले.

त्या वेळी दयारामच्या डोक्यात प्रार्थना नव्हती, मास्तर नव्हते, प्रभूही नव्हता. दारू सोडताना, काठी जाळताना बघायला माणसं होती. इथे होता फक्त मरणारा भाऊ, आणि हाताखालची मान त्याला हवी होती, भुकेल्याला भाकर हवी असते तशी. तरी त्याने हात काढला. हिराजी चिखल ओकला, श्वास घेतला आणि रांगत खाडीकडे गेला.

काळूराम सगळं बघत होता.

"सोडलास त्याला?"

"हां."

काळूरामने तोंड फिरवलं. बैलगाडीत घातल्यावरही ते तसंच ठेवलं.

बैलगाडी पनवेलच्या दवाखान्याशी थांबली तेव्हा तिथल्या सॉल नावाच्या कंपाउंडरने काळूरामची नाडी बघितली आणि चादर वर ओढली. मग त्याने दयारामचा हात बसवायला घेतला. तो वाकडाच बसला.

बाराव्यानंतर भामा थोरल्या दिराच्या अंगणात आली. तिने सूड घ्यायला म्हणून घरातला कोयता त्याच्यापुढे टाकला. दयारामने तो उचलला नाही. ती रडत नव्हती.

"तुमी घरात बसला असतात तर ते पलून आले असते, भावजी. तुमी गेलात म्हनून उबे ऱ्हायले."

"हां," दयाराम म्हणाला.

"तुमच्या देवानं मागावं तर तुमचं मागावं. तुमी माजं कशाला दिलंत?"

दिनानाथ मास्तरांना त्याने तेच विचारलं. त्यांनी प्रार्थना करू या म्हटलं. दयाराम म्हणाला, तुम्ही करा, मी बसतो.

भावाच्या मारेकऱ्याला सोडलं म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलं. हिराजीला सजा झाली, ती भोगून तो परत आला. भामाचं शेत दयाराम वाकड्या हाताने लावत राहिला. ती भात घेऊन जायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. प्रार्थनाघरात तो दर रविवारी जायचा आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचा.

काळूराम मेला तो बावन्न सालच्या सर्वपित्री अमावास्येला, दिवस मावळायच्या आत, पनवेलच्या वाटेवर. हिराजी त्रेसष्ट साली काविळीने मेला. दयाराम सहासष्टच्या श्रावणात तापाने मेला.