सासूसमोरचा डबा

सासूचा घसा गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. देवाला करायचंच होतं तर उलट करायला काय झालं होतं, असं सुनेच्या मनात रोज यायचं.

मेंदूचा झटका आला आणि म्हातारीला गिळता येईना. नाकात नळी बसली. स्वतःची लाळसुद्धा खाली उतरेना, म्हणून उशाशी भांडं ठेवलं होतं. त्यात थुंकत बसायची. पण थुंकता थुंकता नर्सला "हात आहेत का खराटे" विचारायला काही अडत नव्हतं.

लग्न झाल्यापासून या सासूने सुनेला सगळ्यांच्या मागून जेवू घातलं, तेही दाराआड, भिंतीकडे तोंड करून. "सुनेचं चावणं कुणाला दिसू नये," म्हणायची. स्वतः मात्र मधोमध बसून मचमच करायची.

नवऱ्याने सुनेला सांगून टाकलं होतं, "एक्स-रेखाली तपासणार आहेत. घास उतरला तर आई आपल्या घरी. नाही उतरला तर पोटात कायमची नळी घालतील, मग ताई नेईल तिला. तिच्याकडे नर्स ठेवता येते."

"जशी देवाची इच्छा," सून म्हणाली, आणि मनातल्या मनात नणंदेकडची खोली झाडूनपुसून मोकळी झाली.

गिळायला शिकवणारी बाई रोज यायची. म्हातारीच्या डोक्याला चुंबकाचं वेटोळं लावायची. टकटकटक वाजायचं, गाल उडायचा.

"मेंदूचा गिळायचा भाग झोपलाय, त्याला हलवून उठवायचं," ती म्हणाली. "पण सोबत सराव हवा. आजी, गिळा बघू."

"काय गिळू, तुझं डोकं?" म्हातारी घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि भांड्यात थुंकली.

बाईने सुनेला बाजूला घेतलं. "यांच्या आवडीचं काही आणा. भरवायचं नाही हं. नुसता वास द्या, तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

सुनेने लोण्यात परतलेले बटाटे आणले, वर मिरपूड, सोबत ऊन पाव. वास द्यायला डबा उघडला. मग म्हटलं, एवढं केलंय ते वाया कशाला घालवायचं. खुर्ची ओढून सासूच्या तोंडासमोर बसली आणि जेवली. सावकाश, बोटं चाटून.

म्हातारीचे डोळे घासाबरोबर डब्यातून तोंडाकडे, तोंडातून डब्याकडे फिरत होते.

"भिंतीकडे तोंड कर."

"मग वास कसा पोचेल, आई? बाईंनीच सांगितलंय."

"सटवे."

"पाव अगदी मऊ आहे हो आज."

मग हा रोजचाच नेम झाला. टकटक थांबली की डबा उघडायचा. सुनेचं अंग भरलं, गालांवर तुकतुकी आली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी समोर पोटभर जेवत होती. थुंकीचं भांडं हल्ली कोरडंच निघायचं. तिला वाटलं, औषधांनी म्हातारीचं तोंड सुकलंय. तेवढंच धुणं वाचलं.

तपासणीला म्हातारीने एक्स-रेत दिसणारं औषध कालवलेली चमचाभर लापशी तोंडात घेतली. पडद्यावर काळा गोळा घशात आला, अडला, आणि सरळ खाली गेला. दुसराही गेला.

बाई सुनेचे हात धरून म्हणाली, "मशीन सगळ्यांनाच लावतो, पण इतकी लाळ रोज कुणाची सुटत नाही. आजींनी ती गिळून गिळूनच घसा चालू केला. तुमचेच उपकार."

सुनेला ते कोरडं भांडं आठवलं.

नळी निघाली. मऊ खायची मुभा मिळाली. नवरा घरी न्यायला गाडी बघायला गेला, तशी म्हातारी म्हणाली, "तो डबा आण इकडे."

सुनेने बटाटा कुस्करून भरवला. म्हातारीने हनुवटी छातीला लावून, शिकवल्याप्रमाणे गिळला. घसा वर गेला, खाली आला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "उरेल ते घरी गेल्यावर तुला. दाराआड."