माफीनामा

प्रमोदिनी मूळची नागपूरची. कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका विद्यापीठात सहा वर्षं ती पीएचडी करत होती. विषय १७९८चा अमेरिकन राजद्रोहाचा कायदा. सरकारवर टीका छापली की तुरुंग. व्हर्मॉन्टमधल्या एबनेझर टॉल नावाच्या छापखानेवाल्याला असंच पकडलं होतं. गावाने अर्जांवर अर्ज केले आणि दोन महिन्यांत तो सुटला. लोकांपुढे सरकार नमलं, असा तिचा सिद्धान्त होता. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

२०१८च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या सीमेजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये, जुन्या कागदांच्या एका बॉक्समध्ये तिला टॉलने बहिणीला लिहिलेलं पत्र सापडलं. बहीण लग्न होऊन इकडे कॅनडातल्या क्वेबेकात आली होती.

‘मी माफीनामा लिहून दिला. पोरीचा ताप उतरत नव्हता, मला घर गाठायचं होतं. गावाला वाटतं, त्यांच्या अर्जांनी मी सुटलो. तसंच वाटू दे. कुणाला सांगू नकोस.’

म्हणजे प्रमोदिनीचा सिद्धान्तच खोटा ठरत होता. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि कॅनडात राहण्याचं स्टडी परमिट ऑगस्टमध्ये संपत होतं.

तीन दिवस ती पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. शेवटी तिने रूममेट ग्लेन्डाला सांगितलं. ग्लेन्डा वसईची, सरळ बोलणारी.

“तो बॉक्स आधी कोणी उघडलेला?”

“नाही.”

“मग प्रबंध आहे तसाच सबमिट कर ना! तो स्वतःच सांगतोय, कुणाला सांगू नकोस म्हणून.”

“मला माहितीये गं आता. मी खोटं कसं लिहू?”

“नापास होऊन घरी गेलीस तर तुझ्या बाबांना काय सांगशील?”

त्याच दुपारी प्रमोदिनीने पत्राचा फोटो प्रबंधाच्या गाइडबाईंना पाठवला.

बाईंनी लगेच बोलावून घेतलं. “मोठा शोध आहे हा,” त्या म्हणाल्या. “पण तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागतील. किमान एक वर्ष.”

त्यांनी मुदतवाढीसाठी जोरदार शब्दांत शिफारस लिहिली. प्रमोदिनीने स्वतः दोन अर्ज केले, डीनच्या ऑफिसबाहेर तासन्‌तास बसली. मे महिन्यात दोन ओळींचा नकार आला.

जुलैत ती सामान बांधत होती. ग्लेन्डा पुस्तकं खोक्यात भरत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, “पश्चात्ताप होतो का गं?”

“रोज होतो,” प्रमोदिनी म्हणाली, आणि खोक्यावर टेप लावायला तिने वाकून दोन्ही झडपा दाबून धरल्या.