अकरा वेळा सेव्ह

"बंद कर आणि चालू कर," काका तिसऱ्यांदा म्हणाले. "टीव्ही अडकला की आपण तेच करतो."

"हात लावू नका," मी म्हणाले. "आत्याचं सकाळपासूनचं काम स्क्रीनवरच्या त्या अडकलेल्या खिडकीत आहे. सेव्ह झालेलं नाही. बंद केलं की गेलं."

आत्या वाकड्या पायांसाठी बुटात घालायचे तळ बनवते. ती कॉम्प्युटरवर आकृती काढते, मग मशीन रबर कापतं. मागच्या खुर्चीत पोस्टमन बसला होता, एक पाय बुटात, दुसरा उघडा. ऑपरेशननंतर उद्या त्याचा कामावर पहिला दिवस. तळाशिवाय तो दहा पावलं चालत नाही, आणि साडेचारला त्याची बस. तीन वाजून गेले होते.

"आत्या, सेव्ह किती वेळा दाबलंस?"

"अकरा."

"एकदा दाबून थांबता येत नाही?"

"मला शिकवू नकोस. कॉम्प्युटरवर हे लिनक्स कुणी बसवलं?"

मीच बसवलं. शाळा सोडल्यापासून दुसरं केलंय काय. म्हणून तर इथे काहीही बिघडलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

टर्मिनल उघडलं, हुकूम टाइप करायची काळी खिडकी. कॉम्प्युटरवरचा भार चौसष्ट, एरवी एक-दोन असतो. आणि प्रोसेसर मात्र माशा मारत बसलेला, अठ्ठ्याण्णव टक्के रिकामा. म्हणजे काम कुणीच करत नव्हतं, सगळे नुसते रांगेत. यादीत एकेका प्रोसेसपुढे, म्हणजे चालू कामापुढे, तेच अक्षर, डी. डी म्हणजे डिस्ककडून उत्तर येईपर्यंत मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. त्यातल्या साठ तर माझ्याच. दर पाच मिनिटांनी फायलींची नक्कल करायला सांगून ठेवलं होतं, आधीची नक्कल संपली का हे न बघता. त्यांना मारायचा हुकूम सोडला. ढिम्म. जोरात सोडला. तरी ढिम्म. डिस्क किती भरलीय विचारलं, तर विचारणारी खिडकीच अडकली. दुसरी उघडून फोल्डर बघायला गेले, तीही अडकली. रांग कसली आहे बघायला जो जाईल, तोच रांगेत उभा. भार सहासष्ट.

"ठिणगी, तोंडातल्या तोंडात काय बडबडतेस?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला नाही."

"मी बसने न जाता..." पोस्टमनने सुरुवात केली.

"तुम्ही बसा हो," आत्या आणि मी एकदमच म्हणालो.

मग डोकं चाललं. डिस्कला हात न लावता वाचता येईल असं एकच होतं, कॉम्प्युटरच्या पोटातली नोंदवही. ती उघडली. सकाळी दहापासून एकच रड: सर्व्हर उत्तर देत नाही.

सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर, नुसता डबा. सगळ्या पायांची मापं त्याच्यावर, आत्याचं सेव्हही वायरीतून तिथेच जातं. आत गेले. डबा गार पडलेला. भिंतीवरचं बटण बंद.

"काका, हे कुणी बंद केलं?"

"मी. त्याच्यासमोर कुणी बसलेलं नव्हतं."

"म्हणून बंद करायचं?"

"चिठ्ठी वाच की."

बटणाच्या वर माझ्याच अक्षरात होतं: काम झालं की बटण बंद करा, दर वेळी सांगायचं का. काका रबराची धूळ ओढणारा पंखा चालू ठेवून जातात, म्हणून मी चिकटवलेली. पंख्याचं बटण शेजारीच, पण चिठ्ठीत पंख्याचं नाव लिहायचं राहिलं होतं.

बटण दाबलं. डबा घरघरला आणि डिस्क तपासायला बसला. चार टक्के. सात टक्के. काका शेजारी उभे राहून टक्के मोठ्याने वाचत होते, आणि मी दात आवळून त्यांना वाचू देत होते.

शंभर झाले तेव्हा बाहेरून आत्याची हाक आली. मी धावले. भार साठ, एकेचाळीस, नऊ. कुणालाही मारावं लागलं नाही, उत्तर मिळाल्यावर सगळे आपापले निघून गेले. खिडकी हलली. पोस्टमनचा तळ जसाच्या तसा होता, अकरा वेळा सेव्ह झालेला.

मशीनने रबर कापलं. पोस्टमनने बूट चढवला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. चार वाजून दहा मिनिटं.

"टोचत नाही," तो म्हणाला आणि तसाच पायरी उतरून बसकडे निघाला.

मी आत जाऊन चिठ्ठी फाडली.

"फाडलीस ना?" काका मागून म्हणाले. "आता पंख्यावरून बोलायचं नाही."